घोंगडीमागचा कळप

आबांना डोंगरावरून सोडवायला मी वनखात्याला फोन केला, तेव्हा सोडवायचा माणूस एकच होता. खात्याची माणसं परत गेली तेव्हा सोडवलेली माणसं दोन झाली होती! (त्यांचा स्वतःचा एक माणूस धरला तर तीन. पण तो ड्युटीवर होता.)

आबा म्हणजे माझे वडील. खुलताबादच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती आहे आणि घरचा धंदा मेंढरांचा. कॉलेजात गेलेला आमच्यातला मी पहिलाच. शहरात, औरंगपुऱ्यात खोली घेऊन राहतो, रविवारी घरी येतो. आलो की घरातले माझ्याकडं पाहुण्यासारखं बघतात. चहा कपबशीतून देतात. मी पाहुणा नाही हे सिद्ध करायला मग मी आबांसोबत मेंढरं घेऊन डोंगरावर जातो. त्या रविवारीही गेलो होतो.

श्रावणातली भुरभुर चालू होती. कळपातली एक शेळी हिरवा पाला बघून कड्याखालच्या कपारीत उतरली आणि अंगावरची घोंगडी वरच ठेवून तिच्यामागं आबा उतरले. ‘आबा, निसरडं आहे’ असं मी म्हणणार होतो. पण मोठ्या माणसाला त्याच्याच धंद्यातलं कसं सांगावं, या विचारात पडलो. तेवढ्यात खाली धाडकन आवाज आला. मी पडलो विचारात, आबा पडले कपारीत!

मी पोटावर सरपटत कडेला गेलो. आबा एका खाटेएवढ्या जागेवर बसले होते. त्यांच्यापुढं जमीन नव्हती. झाडांचे शेंडे होते, तेही फार खाली.

“सोपान, पाय गेला रं!”

“कुठं गेला?”

“जाग्यावरच हाय, येड्या! मोडला वाटतं!”

रस्त्याकडेच्या वनखात्याच्या पाटीवरचा नंबर मी एकदा मोबाइलमध्ये टाकून ठेवला होता. तो लावला.

“नमस्कार सर. मी सोपान. बी.ए. दुसरं वर्ष. आपण कामात असाल तर मी नंतर...”

“काय झालं ते बोला!”

“माझे वडील कड्यावर आहेत. म्हणजे, कड्याच्या खाली आहेत.”

“खाली? पडले का?”

“पूर्ण नाही, सर.”

मी घाईघाईनं जागा सांगितली. पलीकडं जीप चालू झाल्याचा आवाज आला.

दोघं आले. कदम नावाचे तरुण वनरक्षक आणि जीप चालवणारे, पांढऱ्या दाढीचे शेखचाचा. कदमांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाला गुंडाळून शेखचाचांच्या हातात दिलं आणि माझ्याकडं वळले.

“कडेचे दगड सैल हायेत. एक जरी मेंढरू इकडं आलं, तर दगड सरळ खालच्याच्या डोक्यात. कळप तिकडं लांब धरून ठिवा. तुमचं काम तेवढंच. जमेल?”

“प्रयत्न करतो, सर.”

“प्रयत्न नको. धरा!”

खालून आबा ओरडले, “माझी घोंगडी पांघर! त्याबिगर मेंढरं तुला वळखायची नाईत!”

हे अगदी खरं होतं. आमची मेंढरं माणसाला ओळखत नाहीत, घोंगडीच्या वासाला ओळखतात. आबा बाजाराला शर्ट घालून निघाले की त्यांचीच मेंढरं त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या कळपानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. (कॉलेजात अजून तसं झालेलं नाही.)

कदम उतरू लागले. एवढा वेळ आबा त्या शेळीला शिव्या देत होते आणि त्या ऐकून मला धीर वाटत होता. एकाएकी शिव्या थांबल्या. पाऊस तेवढा ऐकू येत होता. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही!

मग मला राहवलं नाही. एकदाच डोकावून येऊ, म्हणून मी कडेकडं निघालो. मागं बारीक टकटक टकटक ऐकू आलं, तिकडं माझं लक्षच नव्हतं. खाली वाकलो. आबा कड्याला डोकं टेकून, डोळे मिटून, दातावर दात दाबून बसले होते. जिवंत होते! मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तसाच एक श्वास माझ्या मानेवरही आला. वळून बघतो तर सगळा कळप!

खडे सुटले. खालून कदम ओरडले, “वर कोण हाय रं?”

“अरे बावा, इधर कायकू आरे तुम!” शेखचाचांना दोर सोडता येईना. “पीछू हटो! सबको लेके हटो!”

मी वळलो. मी वळलो तसा कळपही माझ्याभोवती वळला. जी मेंढरं मागं होती ती पुढं झाली, आणि उरलेली कडेला आली. आता दगड सुटले.

“घोंगडी टाक!” आबांचा आवाज परत आला होता. “सोपान, घोंगडी टाक!”

मी टाकली. कुठं टाकायची हे विचारायला हवं होतं. ती हवेत छान उघडली आणि दोरावर लोंबकळणाऱ्या कदमांच्या डोक्यावर अलगद बसली.

“शेखचाचा, अंधार कशानं झाला?”

आता कळपाच्या दृष्टीनं मालक खाली गेले होते. सगळ्यात पुढचा मेंढा निघाला. मी त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि जीव खाऊन ओढलं. मेंढा कडेवर आला आणि व्यवस्थित थांबला. मी थांबलो नाही.

कडेखालच्या एका बोरीच्या झुडपानं मला धरलं. काट्यांचं मला काही वाटलं नाही, कारण त्या बोरीची मुळं मातीतून एकेक सुटताना मला दिसत होती. 

कदम आबांजवळ पोचले होते. घोंगडी काढून आबांना दोर बांधणार, तेवढ्यात आबांनी त्यांचा हात धरला.

“सायेब, आधी पोराला घ्या.”

“मामा, तुमचा पाय...”

“पाय ऱ्हाऊ द्या! आधी त्याला. व्हय म्हना!”

आबांनी आजवर कुणाची विनवणी केलेली मी ऐकली नव्हती. झुडूप आणखी एक वीत खाली आलं. कदम दोरावर झोका घेत आले आणि त्यांनी माझी कॉलर, मग पट्टा, मग मला सगळंच धरलं.

“धन्यवाद सर, पण आधी वडिलांना...”

“गप! गळ्याला मिठी मारा!”

मी वर आलो आणि मागून बोर खाली गेली. ती पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. मग कदम पुन्हा उतरले. त्याच घोंगडीची झोळी करून त्यांनी आबांना तिच्यात बसवलं आणि मी, शेखचाचा आणि ते झाड अशा तिघांनी ओढून त्यांना वर घेतलं. शेळी बाजूच्या वाटेनं आपली आपण आली.

आता थोबाडीत बसणार, म्हणून मी गाल पुढं करून उभा राहिलो. आबांनी मला खाली बसवलं आणि माझ्या दंडातले काटे काढायला लागले. बराच वेळ काढत होते. मग म्हणाले, “लई लागलं का रं?” मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघांनी मिळून शेळीला शिव्या दिल्या.

काही दिवसांनी कदम आबांची चौकशी करायला घरी आले. आबा पायाला प्लॅस्टर घालून ओट्यावर बसले होते. चहा झाल्यावर कदम जरा घुटमळत म्हणाले, “खात्याचा सराव हाय पुढच्या महिन्यात. कड्यावर अडकलेला माणूस लागतो. आमची पोरं अडकल्याचं नाटक करतेत, पण कुणाला खरं वाटत नाय. म्हटलं, सोपानभाऊ मोकळे असतील तर...”

मी आबांकडं पाहिलं.

“जा की!” आबा म्हणाले. “एवढं एक काम तुला न शिकवता जमतंय.”

मी होकार कळवलाय. आमच्या घरात सरकारी कामाला लागणाराही मी पहिलाच!