अमावास्येचं परस्थान

सन एकोणीसशे चौतीस. बेळगावच्या एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली आणि मला मंगळवारी अकराला मुलाखतीचं बोलावणं आलं. आम्ही सदलग्याचे. वडील मी लहान असतानाच गेलेले. आईनं, जयाबाईनं, लोकांच्या रानात तण भांगलून मला सातवी फायनलपर्यंत शिकवलं. ही नोकरी लागली तर तिचं भांगलणं सुटणार होतं.

माझा बेत पक्का होता. सोमवारी पहाटे चालत चिकोडी, तिथून सकाळची मोटार, दुपारी बेळगाव, मुक्काम धर्मशाळेत. अख्खा दिवस हाताशी राखला होता. पण सोमवारी निघाली अमावास्या. आई अडून बसली.

"आवसंला घर सोडायचं न्हाय. आदल्या दिशी परस्थान ठिवू."

म्हणजे चांगल्या दिवशी आपलं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात, मग वाईट दिवशी निघालं तरी चालतं. रविवारी तिनं माझा धुतलेला सदरा, सुपारी आणि फायनलचा दाखलासुद्धा बांधला आणि वेशीजवळच्या अंबूबाईकडं ठेवून आली. दाखला तेवढा काढून घ्यावा, एवढी अक्कल मला नव्हती. शिकलेला म्हणे मी.

सोमवारी पहाटे जातो तर अंबूबाईच्या दाराला कुलूप. लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून बाई शेजारच्या गावी गेलेली. ती परतली दुपारी, तोवर चिकोडीची दिवसातली एकुलती मोटार केव्हाच गेली होती. मंगळवारच्या मोटारीनं मी कचेरीत पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

साहेबानं विचारलं, "दीड तास उशीर का?"

खरं सांगायला काय लागतं? पण समोर तो कोटवाला साहेब, शेजारी हसू दाबणारा हेडक्लार्क सुबराव. अमावास्या, परस्थान, सुपारी हे शब्द तोंडातून काढायची लाज वाटली. आईचीच लाज वाटली, दुसरं काय.

"काल आई वारली," मी म्हणालो.

साहेब उठून उभाच राहिला. "आणि तरी आलास?"

जागा मिळाली. दिवस उरकून पंधरवड्यानं हजर हो म्हणाला.

घरी सांगितलं, सगळं झकास झालं. आईनं आळीभर साखर वाटली. हजर व्हायच्या आधी खडेबाजारात न्हाव्यापुढं बसलो आणि जिवंत आईच्या नावानं डोकं, मिशी उतरवली. न्हावी बिचारा हळहळला. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. केस वाढेस्तोवर घरी फिरकलो नाही. तिचं भांगलणं मात्र सुटलं.

"तुजी कचेरी बघायची हाय," दर खेपेला ती म्हणायची. आज साहेब गावाला, उद्या काम लई, असं मी दोन वर्षं टोलवलं. शेवटी ती एकटीच मोटारीत बसून आली.

मी बाहेर येतो तर व्हरांड्यात ती, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि समोर सुबराव.

"शामूकडं आलाय व्हय? लई धीराचा पोरगा," सुबराव तिला सांगत होता. "आई गेली आणि दुसऱ्याच दिवशी मुलाखतीला आलता."

आई माझ्याकडं बघत राहिली. पुढं होऊन, ही माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

"व्हय, धीराचाच हाय," ती सुबरावला म्हणाली. "मी मावशी त्याची."

मी तिला मोटारीच्या अड्ड्यावर घेऊन गेलो. बाकड्यावर टेकल्यावर तिनं विचारलं, "का रं मारलास मला?"

मी अंबूबाईच्या कुलपापासून उशीर कसा झाला ते सगळं सांगितलं. साहेबापुढं कसली लाज वाटली, ते तेवढं गाळलं.

"म्हंजी माझ्या परस्थानापायी उशीर झाला तुला." तिनं डोळ्याला पदर लावला. "मग चूक माझीच की रं. माझ्यापायी लेकराला खोटं बोलाय लागलं."

नाही म्हणायला हवं होतं. उशीर झाला म्हणून नव्हे, तुझी लाज वाटली म्हणून मारलं, हे सांगायला हवं होतं. मोटार सुटेस्तोवर मी नालायक गप्प उभा राहिलो, आणि ती चूक आपलीच समजून गावाला गेली.