मुखेडच्या तलावाकाठी तळलेला पहिला तुकडा

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. शनिवारी सकाळी आठ वाजता मी नांदेडहून निघाले. पिशवीत अर्धापूरकडची सहा कच्ची केळी होती. नायगावमार्गे मुखेडला पोचायला अडीच तास लागले; महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, रस्ता नरसीपर्यंत उत्तम, पुढे सहनशक्ती हवी. मुखेडहून रिक्षाने तलावाकाठच्या वस्तीवर, मावशीकडे. तिचा मुलगा दत्ता लातूरहून आधीच आला होता. रविवारी सकाळी मावशीला नांदेडला न्यायचे होते. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोमवारी ठरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, आणखी उशीर झाला तर उजवा डोळा हातचा जाईल.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, याच तलावात जाळे सोडताना बुडाले. तेव्हापासून घरातले कुणी मुक्कामाला बाहेर निघाले, की आदल्या संध्याकाळी मासा तळतात आणि पहिला तुकडा अळणी ठेवून काठावर नेतात. सकाळी तो दिसला नाही, म्हणजे काकांची परवानगी मिळाली. तुकडा कुत्री नेतात, हे मला प्रथमपासून ठाऊक आहे.

स्वयंपाक मी हाती घेतला, कारण या घरात तेल नीट तापेपर्यंत कुणाला धीर नसतो. रोहूचे तुकडे हळद, तिखट, चिंचेचा कोळ लावून मुरवले आणि ज्वारीच्या पिठात घोळवले. केळ्यांचे लांबट काप करून मिठाच्या पाण्यात ठेवले. असे केले की ते काळे पडत नाहीत आणि तळल्यावर कुरकुरीत राहतात.

"पहिला तुकडा अळणी ठेव, माय," मावशी चुलीपाशी म्हणाली. "तुह्या काकाला आता मीठ चालत न्हाई."

"बीपी असंल पाण्यात," दत्ता म्हणाला.

"तू गप. बाप हाय तुहा."

मी होकार दिला आणि सगळ्याच तुकड्यांना मीठ लावले. अळणी मासा माझ्या हातून होणार नाही. हे मी कुणालाही सांगितले नाही. मावशीला तर चुलीतला जाळही धड दिसत नव्हता.

दिवेलागणीला ती पळसाच्या पानावर तुकडा घेऊन चाचपडत काठावर गेली. परत आली, जेवायला बसली. केळ्याचे काप चवीने खाल्ले. माशाला हात लावला नाही.

"केळं झ्याक झालंय. पहिल्या तुकड्याला मीठ लावलंस, बाई."

"तू चाखलास?"

"म्या कशाला चाखू? ते म्हणले."

दत्ता हसला नाही. मी ताटे उचलली.

सकाळी दार उघडले तेव्हा तो तुकडा उंबऱ्यावर होता. त्याच पानावर. पीठ पूर्ण धुऊन गेलेले, मासा चिंब; पान मात्र कोरडे. कुठे दाताची खूण नाही. अंगणातल्या धुळीत रात्रीची झाडलोट तशीच होती, पाऊल एकही उमटलेले नव्हते. मावशीने बोटांनी तुकडा चाचपला, बांधलेले गाठोडे सोडले आणि लुगडी पुन्हा खुंटीला लावली.

"न्हाई म्हणलेत," ती म्हणाली. दत्ताने समजावले, मी रागावले. उपयोग झाला नाही. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली.

नांदेडला येऊन आठवडा झाला. कापांचा फोटो टाकला होता; ते कसे कुरकुरीत राहिले, असे तीन वाचकांनी विचारले आहे. उत्तर वर आहे. माझा प्रश्न मात्र दत्ताला आहे आणि तो हा ब्लॉग वाचतो. दत्ता, तो तुकडा उंबऱ्यावर तू ठेवलास का? फोनवर विषय बदलू नकोस. ठेवला असशील, तर तसे स्पष्ट लिहून, खाली सही करून पाठव. मी तो कागद मावशीला वाचून दाखवते आणि तिला घेऊन येते. ठेवला नसशील, तर तेही लिहून कळव. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारची वेळ दिली आहे. शनिवारी मी पुन्हा मुखेडला येईन आणि पहिला तुकडा अळणी तळीन.