घाटातल्या बंगल्यातली बाई

रुग्णाच्या घरी पुस्तक देऊ नये, असा एकही नियम त्या वाचनालयाच्या नियमावलीत नव्हता. ही गोष्ट मी त्या वेळी चिटणिसांना लिहून कळवली, अध्यक्षांना लिहून कळवली आणि कार्यकारी मंडळाच्या प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पाकिटातून कळवली. आज त्या वाचनालयाची इमारत उरलेली नाही आणि मंडळातले बहुतेक लोक वारले आहेत. तरीही माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही, आणि घेणार नाही.

हकीकत दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची आहे. मी तेव्हा वडगावच्या कोर्टात वकिली करीत असे. माझ्या पत्नीला क्षयाने धरले होते. त्या काळी क्षयावर उपाय म्हणजे हवा, दूध आणि अंडी. पैकी अंडी आमच्या घरात चालत नव्हती. म्हणून हातातले खटले एका स्नेह्याकडे सोपवून मी तिला लोणावळ्यास आणले. तुंगार्लीच्या अंगाला एका पारशी गृहस्थाचा बंगला होता. हिवाळ्यात तो बंदच असे. आजार कोणता, हे मी मालकाला आधीच लेखी कळवले होते. त्याने हरकत घेतली नाही. एवढेच मागितले की परत जाताना गाद्या जाळून जावे.

तिची खाट व्हरांड्यात पूर्वेकडे तोंड करून टाकली होती. पौषातली थंडी कोरडी आणि स्वच्छ होती. डॉक्टरांखेरीज आमच्याकडे कोणी येत नसे. दूधवाला फाटकाच्या दगडी खांबावर चरवी ठेवी, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राही आणि तिथून हाक मारी. मी कालची रिकामी चरवी खांबावर ठेवून मागे फिरलो की मगच तो ती उचलायला येई. कुसगावची एक विधवा बाई तेवढी रोज घरात येई, भाकऱ्या थापी, केर काढी आणि मला भाऊ आणि माझ्या पत्नीला वैनी म्हणे. गावात तिला त्यावरून बोलत असत. "बोलूंद्या," ती म्हणे, "त्यांच्या तोंडाला कोन लागतंय."

पत्नीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण पुडीच्या कागदावरची जाहिरातसुद्धा ती वाचून मग टाकी. त्या महिन्यात तिने दोनच गोष्टी वाचल्या, आणि दोन्ही मला आवडण्याजोग्या नव्हत्या. पहिली होती एका पेन्शनर मामलेदाराच्या रहस्यकथांची माला. दर भागात एका लहानशा तालुक्याच्या गावी कोणाचा तरी मुडदा सापडे आणि हा मामलेदार ओटीवर सुपारी कातरत बसल्या जागी खुनी ओळखी. मी एक भाग चाळून तिला म्हणालो की यात पंचनामा नाही, जबान्या नाहीत, आणि गुन्हेगार आपण होऊन कबुली देतो. असा खटला कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

"नाही टिकला तर नाही," ती म्हणाली. "या गावात कुणी आजारी पडत नाही हो. मरतात ते एकदम मरतात. वाचायला बरं वाटतं."

मी तो भाग तिच्या उशाशी परत ठेवला.

दुसरी माला भुताची. आठ भागांची. एका घाटात एकाकी बंगला असतो. त्याच्या खिडकीत एक बाई रडताना दिसते, दारावर आतून थापा ऐकू येतात. घाटाखालच्या गावातले लोक सांगतात की ती बाई केव्हाच मेली, तिच्या घरच्यांनी तिचे श्राद्धही केले. रस्त्याची मोजणी करायला आलेल्या एका तरुण इंजिनीयरला मात्र खात्री वाटत नाही. ती बाई जिवंत आहे की मेलेली, एवढ्या एका प्रश्नावर लेखकाने सात भाग ओढले होते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दार उघडता उघडता पुस्तक संपत असे.

खोकला नसला की पत्नी मोठ्याने वाची आणि कुसगावची बाई उंबऱ्याशी बसून ऐके.

"वैनी, ह्या लिवनाऱ्यानं कंदी भूत बगितल्यालं न्हाई."

"का गं?"

"भूत दार कशाला वाजवंल? त्याला भाईर यायला दार लागतंय व्हय?"

पत्नी हसली, हसण्याचा खोकला झाला आणि वाचन तेवढ्यावर थांबले. अशा दिवशी ती दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरून निजे.

वाचनालय बाजारात होते. मी वर्गणीदार झालो तेव्हा घरातला आजार सांगितला होता, आणि त्यांच्याकडे अशा घरांसाठी एक वहिवाट होतीही. परत आलेले पुस्तक हातात न घेता पायरीवरच्या दगडावर ठेवायचे. मग शिपाई त्याच्या पानापानांत कडुनिंबाचा पाला घालून ते उन्हात टाकी, आणि उन्हे लागल्यावर ते कपाटात जाई. या वहिवाटीवर माझा आक्षेप नव्हता. पुढच्या भागातून वाळलेली पाने निघत, म्हणजे तो भागही आमच्यासारख्याच कोणाच्या घरून आलेला असे. ती पाने पत्नी खुणेसाठी वापरी. "हे कोण बरं असेल?" ती एकदा म्हणाली. "आपल्या आधी वाचतंय आणि आपल्यासारखंच पडून आहे."

सातवा भाग परत करून मी आठवा मागितला, तेव्हा चिटणीस स्वतः बाहेर आले. ते पायरीवर उभे होते, मी रस्त्यात.

"वकीलसाहेब, आता पुस्तक घरी देता येणार नाही. सभासदांची तक्रार आहे."

"कोणत्या नियमाखाली?"

"नियम नाही. पण लोकांना पोरंबाळं आहेत."

"मग नियम करा, सर्वसाधारण सभा बोलवा, ठराव करा, आणि तोपर्यंत माझा आठवा भाग द्या."

"आपण कायदा सांगता," ते म्हणाले, "मला माणसं सांभाळायची आहेत." आणि आत गेले.

वर सांगितलेली पत्रे मी त्याच दिवशी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकालाही टपालाने व्ही. पी. करून आठवा भाग पाठवण्याविषयी लिहिले. पुण्याहून कार्ड आले की माला बंद केली असून शेवटच्या भागाच्या प्रती शिल्लक नाहीत. वाचनालयाकडून काहीच आले नाही.

पण नियमावलीत आणखी एक कलम होते: वाचनकक्षात बसून वाचण्यास कोणासही मज्जाव नाही. ते मी चिटणिसांपुढे धरले. त्यांनी ते वाचले, पुस्तक कपाटातून काढून बाकावर ठेवले आणि दूर झाले. जन्मात कादंबरीला हात न लावलेला मी, संध्याकाळी वाचनकक्षात बसून भुताची गोष्ट वाचू लागलो.

निघताना पत्नीने एक अट घातली होती. "एका दिवशी एकच प्रकरण. पुढचं वाचायचं नाही."

"का बरे? सगळे एकदम वाचून येतो."

"नको. तुम्हाला निकाल ठाऊक असला की तुमचा आवाज बदलतो. अशिलाला सांगताना मी ऐकलाय. शेवट मला तुमच्या तोंडावरनं नको कळायला."

अट मी पाळली. पहिल्या दिवशी परत येऊन खाटेजवळ बसलो आणि वाचलेले निवेदन केले.

"इंजिनीयर बंगल्यात शिरला. जिन्यावर कोणी नव्हते. खोलीत कोणी नव्हते. तो परत आला."

ती वाट पाहत राहिली. "एवढंच? अख्ख्या प्रकरणात?"

"बाकी वर्णन होते."

"मग ते सांगा की."

"एक गुराखी मध्ये काहीबाही बोलतो. पण त्याने स्वतः काही पाहिलेले नाही. त्याच्या मामाने पाहिले म्हणे. ऐकीव पुरावा आहे तो, धरता येत नाही."

"अहो," ती उठून बसायला लागली, "भुताच्या गोष्टीत मामानंच पाहिलेलं असतं!"

"माझ्याबी मामानंच बगितलंतं," कुसगावची बाई उंबऱ्यावरून म्हणाली.

"बघा. आता हिला काढा साक्षीतनं." पत्नी मला सोडायला तयार नव्हती. "मामानं काय पाहिलं? कुठं उभा होता? उजेड होता का?"

इतक्या वर्षांच्या वकिलीत मी साक्षीदारांना जे विचारीत आलो होतो, ते सगळे मला विचारले गेले, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तेच प्रकरण पुन्हा वाचले. गुराख्याच्या मामाने तिन्हीसांजेला खिडकीत दिवा पाहिला होता. आणि त्याच मामाचे म्हणणे, कोणीएक म्हातारा नवसाचे म्हणून बंगल्याच्या पायरीवर दुधाचे भांडे ठेवी, ते सकाळी रिकामे असे. मी घरी येऊन हे शब्दशः सांगितले. तिने डोळे मिटून ऐकले. "हं," म्हणाली. "आता पुढं."

त्या आठवड्यात तिचा ताप उतरेनासा झाला. डॉक्टर येत, नाडी पाहत आणि मला फाटकापर्यंत नेऊन बोलत. तिला ते दिसे. ती विचारी मात्र इंजिनीयरविषयी.

वाचनकक्षात मी बसे त्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. मग शेजारचा बाकही रिकामा राहू लागला. शेवटची दोन प्रकरणे उरली होती त्या संध्याकाळी चिटणीस माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वकीलसाहेब, लोक वर्तमानपत्र वाचायला येईनासे झाले."

"मला आजार नाही. डॉक्टरांचा दाखला आणून देतो."

"तुम्हाला नसेल. तुमच्या कोटाला आहे म्हणतात."

मागे कोणीतरी हसले. चिटणिसांनी वर्तमानपत्राच्या कागदात धरून माझ्या हातातले पुस्तक काढून घेतले. मी म्हणालो की हे मला लेखी हवे. "लेखी मिळेल," ते म्हणाले. आजतागायत मिळालेले नाही.

घरी मी सांगितले की आज वाचनालय बंद होते. आयुष्यभर खोटी साक्ष पकडणाऱ्या माणसाची खोटी साक्ष त्याच्या बायकोने उभ्या उभ्या पकडली.  खरी बातमी दुसऱ्या दिवशी कुसगावच्या बाईने आणली. बाजारातून तेल घेऊन आली ती दारातूनच म्हणाली, "वैनी, तुमची पुस्तकं जाळली त्यांनी. वाचनालयाच्या मागल्या अंगनात. सगळी. म्या डोळ्यांनी बगितलं."

"शेवटचंसुद्धा?"

"व्हय. भाऊंनी हात लावल्यालं म्हून."

मी उठलो, दौत उघडली. जाळलेली पुस्तके सार्वजनिक मालमत्ता होती; ठरावाशिवाय ती नष्ट करणे हा विश्वासघात होता, आणि त्या कलमाखाली मी चिटणिसांना कोर्टात उभे करू शकलो असतो. मी लिहीत असताना ती खाटेवरून म्हणाली, "तुम्ही लिहा. पण आधी इथं या."

मी जवळ गेलो.

"ती जिवंत आहे."

"कोण?"

"बंगल्यातली. मेलेली नाही ती." ती थांबून थांबून बोलत होती. "भुताला दूध कशाला लागेल? मामाची साक्ष तुम्ही टाकून दिली होती, तिथंच सगळं होतं. लोकांनी जायचं बंद केलं, एवढंच झालंय. श्राद्धसुद्धा करून टाकलं. ती आतून दार वाजवतीय आणि हे खाली बसून भूत म्हणतात."

"मग दार कोण उघडते?"

"ते शेवटच्या प्रकरणात असणार," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

चार दिवसांनी, दुपारी, ती गेली. खांदा द्यायला माणसे मिळाली नाहीत. वडगावहून माझे दोन सहकारी आणि त्यांचे कारकून संध्याकाळच्या गाडीने आले, तेव्हा आम्ही तिला नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गाद्या ओढत होतो. मालकाला शब्द दिलेला होता. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली आणि कुसगावची बाई फाटकाकडे गेली. ती परत आली ती भरलेली चरवी घेऊन. दूधवाल्याला कोणी सांगितले नव्हते.

चरवी हातात तशीच धरून ती माझ्याजवळ उभी राहिली. "भाऊ, एक इचारू का? त्या बाईचं काय झालं शेवटी? भूत व्हती का जित्ती?"

"जिवंत होती."

"पुस्तकात तसं लिवलंय?"

पुस्तक जळालेले होते आणि दोन प्रकरणे मी वाचलेली नव्हती. जे सिद्ध नाही ते विधान मी कोर्टात कधी केले नाही. "तसेच लिहिले आहे," मी म्हणालो. "शेवटच्या पानावर दार उघडते."

"कोन उघडतंय?"

"घाटाखालची एक बाई," मी म्हणालो. "रोज येणारी."

 मग चरवी जोत्यावर ठेवून तिने गादीचे दुसरे टोक धरले.