सूतभर जागा

हसनचाचांनी त्या सकाळी दुकान उघडलं ते केवळ किशोरीला शब्द दिला होता म्हणून. गुडघे तर केव्हाचेच संपावर गेले होते. आणि मालवणात आता सायकल दुरुस्त करतो कोण? पर्यटकांना स्कूटर हवी, कॉलेजच्या पोरांना पायडल मारायचं म्हटलं की पोटात दुखतं.

त्यांच्या बायकोने, हवाबीने, महिनाभर एकच टुमणं लावलं होतं. दुकान बंद करा, कणकवलीला नाझमीनकडे, लेकीकडे, जाऊया. शेवटी वैतागून चाचा म्हणाले होते, "ह्या एक काम माझ्या हातान बिघाडला, तर कुलूप घालतलंय."

किशोरी वालावलची, तिथल्याच शाळेत शिकवते. तिच्या वडिलांची चाळीस वर्षांपूर्वीची गिअरची सायकल. सांगाडा अजून ठणठणीत, पण गिअर खाऱ्या हवेने खाल्लेले आणि सुटे भाग कुठे मिळत नाहीत. "गिअर काढा, साधी करा," एवढंच ती म्हणाली. सांगायला काय जातं! गिअर काढले की साखळी ताणायला मागचं चाक पुढे-मागे सरकावं लागतं, आणि चाक बसायच्या जुन्या खाचा होत्या उभ्या. त्या कापून आडव्या, लांब खाचांच्या नव्या पट्ट्या जोडायच्या होत्या. अशा पट्ट्या बाजारात नाहीत. चाचांनी त्या एका मोडीतल्या होडीच्या सुकाणूच्या पत्र्यातून करवतीने कापल्या, कानशीने घासल्या, पितळेने जोडल्या. तीन दिवस गेले.

चाक लावलं तर ते एका अंगाला कललं. मोजून पाहिलं. दोन्ही खाचा आसापेक्षा सूतभर मोठ्या.

चाचा मटकन खाली बसले. सायकलचं दुकान काढण्याआधी बंदरावर तीस वर्षं त्यांनी होड्यांना लोखंड ठोकलं होतं. लाकूड पाण्यात फुगतं, म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती सूतभर जागा सोडायची. इथे लाकूड नाही, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या हवाबीने ते बघितलं. "लोखंड कधीपासून फुगूक लागला?" ती म्हणाली. मग हळूच, "नाझमीनक फोन करू?"

चाचांनी आस पुन्हा खाचेत घालून पाहिला. त्यांना लाज वाटत होती.

दुपारी किशोरी आली. नट करकचून आवळला तर चाक सरळ दिसत होतं. ती खुशीत गेली असती, आणि पहिल्याच चढावर चाक निसटलं असतं.

"झाली, चाचा?"

"नाय गो. माझी चूक झाली. सोमवारी ये."

त्यांनी पट्ट्या तापवून काढल्या आणि नव्या पट्ट्या पहिल्यापासून कापायला घेतल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पाठ मोडून आली होती. कानशीच्या प्रत्येक हाताला ते पुटपुटत होते, "लाकूड नाय, लोखंड."

सोमवारी चाक बसलं. किशोरी जेटीपर्यंत जाऊन आली. "आवाजच नाय हो, चाचा," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा हवाबी दारातच होती. "बसला चाक?"

"बसला."

"मगे कणकवलीक जाणा रवला," ती म्हणाली आणि आत वळली.

चाचांनी तिच्या हातात दुकानाची चावी ठेवली. "जाऊया कणकवलीक. त्या दिवशी बंद केला आसता, तर हसनचो हात गेलो म्हणान बंद झाला आसता. आता मी दमलंय म्हणान बंद करतंय."

हवाबीने चावी ओढणीच्या टोकाला बांधली आणि त्यांच्या गुडघ्यांना लावायला तेल गरम करत ठेवलं.