रुसलेल्या म्हाताऱ्याचा गेम

लेक लहान असताना मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो. बांधावरून भावाभावांत भांडण होतं, आजोबा रुसून डोंगरापलीकडे निघून जातात आणि नातू त्यांना आणायला निघतो. वाटेत त्याला बेडूक आडवे येतात, तलवार सापडते, एक राजकन्या सोबतीला येते. ही गोष्ट एका जपानी व्हिडिओ गेमची आहे, हेही मी छाती फुगवून सांगायचो.

अडचण एवढीच, की मला जपानी येत नाही.

तो गेम मामांनी आमच्या आष्टीच्या घरी आणला होता. पडद्यावरचं एकूण एक अक्षर जपानी. मी आणि मोठा भाऊ बटणं दाबत दाबत पुढं सरकलो. शेवटी एका उंच गढीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा एकटाच बसलेला दिसला. भावानं निकाल दिला, "हा रुसून आल्ता इथं." तेव्हा आमचे चुलत आजोबा बांधावरून रुसून मळ्यात राहायला गेल्ते. आम्हाला दुसरं काय सुचणार?

यंदा तोच गेम नव्या कन्सोलवर पुन्हा आला, इंग्रजीसकट. आता नोकरीला लागलेली लेक जालन्याच्या घरी टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि मला घाम फुटला. घरात माझी जी काही पत आहे, ती गोष्टींवरच.

पण गेम नव्यानं करणाऱ्यांचं कौतुक वाटलं. जुनी चित्रं तशीच, नुसती धूळ पुसल्यासारखी. विहिरीजवळची धून तीच. बेडकाची उडीसुद्धा त्यांनी सुधारली नव्हती. एवढ्या मायेनं कुणी दुसऱ्याचं लहानपण जपतं, याचंच मला नवल वाटत होतं.

तेवढ्यात लेक गढीत पोचली.

"बाबा, हे आजोबा नाहीयेत. हा जग जाळायला निघालेला राक्षस आहे."

"भाषांतर चुकलं असेल."

ती हसली नाही. "म्हणजे तुम्ही सांगायचात ते सगळं खोटं?"

मी सरळ भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो मोसंबीच्या बागेत होता.

"मोठे बाबा," लेक म्हणाली, "तुमचा म्हातारा राक्षस निघाला."

"कोण म्हणतं?"

"इथं लिहिलंय."

"लिहू दे. बराबर दाराकडं तोंड करून बसलाय का न्हाई? जग जाळणारा असा वाट बघत बसतो व्हय?"

लेकीनं पाहिलं, म्हातारा खरंच दाराकडं तोंड करून बसला होता. मग तिनं सेटिंग उघडली आणि भाषा बदलून जपानी केली. ती सोयही त्या भल्या माणसांनी ठेवली होती. पडदा पुन्हा न कळणाऱ्या अक्षरांनी भरला आणि शेवटची लढाई सुरू झाली. भावाला दिसावं म्हणून मी फोन टीव्हीकडं वळवला.

"मंग ही लढाई कसली, मोठे बाबा?" काकाशी बोलताना तिची भाषा आपोआप आष्टीची होते.

"लढाई कुठली, माय? नातू म्हणतो घरी चला, म्हातारा म्हणतो बिलकुल येत न्हाई. ओढाओढी चालू हाय."

म्हाताऱ्यानं पडदाभर आग ओकली.

"राग निघून राह्यला. निघू दे," भाऊ म्हणाला.

मीही काहीतरी जोडायला तोंड उघडलं.

"बाबा, तुम्ही गप बसा ना," लेक म्हणाली, आणि बटण दाबत पडद्याकडं वळली, "चला आजोबा, किती वेळ बसणार इथं?"