मध्येच घेतलेला श्वास

प्रभाकर शेवडे विमा कंपनीतले अधिकारी. सांगलीहून बदली होऊन ते जयपुरास आले आणि बनी पार्कातल्या भाड्याच्या घरात रुळले. त्यांची पत्नी रत्नप्रभा १९८५ च्या उन्हाळ्यात दम्याने गेली. मागे राहिली एक कॅसेट. स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून तिने गायलेली सहा जुनी सिनेगीते त्यात होती. पार्श्वसंगीत म्हणाल तर कुकरच्या शिट्ट्या. त्यातल्या एका गाण्यात मूळ गायिका जो शब्द एका दमात तोलून धरते, तोच रत्नप्रभा अर्ध्यावर सोडी, श्वास घेई आणि मग पुरा करी. त्या श्वासासाठी शेवडे ती कॅसेट ऐकत. तिच्यावर चुकून काही भरले जाऊ नये म्हणून मागच्या खाचेतले प्लास्टिकचे पातेही त्यांनी स्वतःच मोडले होते.

वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना तिची आवडती गाणी मूळ स्वरांत ऐकवावीत, असे त्यांच्या मनात आले. त्या काळी रेकॉर्डिंगच्या दुकानात आपलीच कॅसेट न्यायची, सोबत गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली आणायची, असा रिवाज होता. शेवड्यांनी सुवाच्य अक्षरात यादी केली, खणातली कोरी कॅसेट घेतली आणि दुकानदार भगवानजींच्या हाती सोपवून आले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्नीची कॅसेट लावली. नुसती खरखर. कोरी कॅसेट घरातच होती! ते तसेच, पायांत घरातल्या सपाता असताना, दुकानाकडे धावले.

"हो गई बाबूजी, एकदम फर्स्ट क्लास," भगवानजी म्हणाले. "पत्ती टूटी थी, ऊपर सेलोटेप चिपका दी. सब यही करते हैं."

"पहले सुना नहीं, उसमें क्या था?"

"सुना था न. कोई घरेलू औरत वही गाने गा रही थी. मैंने सोचा, बाबूजी असली वाले चाहते हैं."

भगवानजींचा तर्क बिनचूक होता. शेवड्यांना रागवायलाही जागा उरली नाही.

घरी येऊन त्यांनी मुलीला समोर बसवले. "सुनंदा, आई म्हणायची तसं ते गाणं म्हण."

सुनंदाने सुरुवात केली. गळा आईपेक्षा गोड होता.

"नाही, नाही! त्या लांबवलेल्या शब्दात मध्ये थांबायची ती."

"कुठे, बाबा? मतलब, कोणत्या अक्षरावर?"

शेवड्यांनी तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले की त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी स्वतः गाऊन पाहिले, एकदा, दहादा. प्रत्येक वेळी शब्द अखंड, सुरेल, निर्दोष बाहेर पडला, तबकडीवर तीस वर्षांपूर्वी उमटला होता तसाच. पानवाल्याच्या रेडिओने, शेजाऱ्यांच्या लग्नातल्या लाउडस्पीकरने तो त्यांच्यात इतका खोल रुजवला होता की, रत्नप्रभेच्या दमेकरी फुप्फुसांचा त्याच्यापुढे निभाव लागेना. जे गाणे त्या दोघांनी आयुष्यभर जिवापाड जपले, तेच आता तिला पुसून टाकीत होते.

"बाबा, पण असली गाणं आहे ना आपल्याकडे," सुनंदा भीतभीत म्हणाली.

"तेच तर आहे सगळीकडे, बाळ!"

त्या दिवसापासून घरातला रेडिओ बंद झाला. पानवाल्याचे दुकान टाळण्यासाठी शेवडे लांबच्या रस्त्याने कचेरी गाठू लागले. वर्षश्राद्ध निमूट पार पडले. मनात जे उरले होते त्याच्यावर तरी दुसरे काही भरले जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती.

जूनमध्ये सांगानेरच्या एका छपाई कारखान्यात आग लागली. तिच्या पाहणीसाठी ते दुपारच्या बसने निघाले. वाटेत ड्रायव्हरने टेप लावला आणि नेमके तेच गाणे सुरू झाले. पागोटेवाला एक म्हातारा डोळे मिटून गुणगुणू लागला, त्याच्या शेजारची बाई मान डोलवू लागली. तो शब्द यायला एक ओळ उरली होती.

"रोको! गाडी रोको!" शेवडे किंचाळत उठले.

"बाबूजी, सांगानेर तो अभी दूर है," कंडक्टर म्हणाला.

ते उतरले. बस हलली, तरी खिडक्यांतून सूर येतच होता. फायली काखेत दाबून, दोन्ही कानांत बोटे खुपसून, जळत्या उन्हात शेवडे उलट दिशेने पळत सुटले.