जयंतीची यंदाची अक्षरजुळणी

बावीस वर्षं जयंती मुलुंडच्या घरातून दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करत होती. आता तिचा जुना लॅपटॉप मोठी फाइल उघडली की अडून बसायचा. आपल्या दुकानात तो उघडून बघत दुरुस्तीवाला अंबादास म्हणाला, "ताई, रॅम वाढवली तर अजून तीन वर्षं ओढेल. टाकू?"

दरवर्षी गणपती गेले की कामाची झुंबड उडायची. यंदा पितृपक्ष संपत आला, तरी एकही फाइल आली नव्हती. तिने दुकानातूनच संपादक नंदकुमारांना फोन लावला.

"अगं, यंदा पुतण्याच बघतोय सगळं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर आपोआप जुळवतो म्हणे. तुला कळवायचं राहूनच गेलं."

"असू दे," म्हणत तिने फोन ठेवला.

"नको रे अंबादास, झाकण लाव."

"मग हा चालणार कसा?"

"आता चालवायचाय कुणाला?"